खूण कुणाजवळ ठेवावी?

मुलुंडच्या एका लहानशा वाचनालयाची सभासद-यादी संगणकावर चढवून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी मी हौसेने अंगावर घेतले. एकच सभासद दोनदा नोंदला गेला आहे काय, हेही शोधायचे होते. त्यासाठी एकेक नाव धरून ते बाकीच्या सर्व नावांशी ताडायचे. म्हणजे एका फेरीच्या पोटात दुसरी फेरी. आज्ञावली क्षणात चालली आणि दुबार नाव एकही नाही, असा निर्वाळा तिने दिला. मी यादी छापून नेली. ग्रंथपालबाईंनी चष्मा सावरून पहिलेच पान पाहिले आणि त्या म्हणाल्या, "अहो, हे आजोबा इथे दोनदा आहेत की!"

चूक माझीच होती. कुठवर वाचले याची खूण मी यादीतच ठेवली होती. आतली फेरी शेवटाला गेली, तिच्याबरोबर खूणही गेली. बाहेरच्या फेरीला वाटले, आपलेही काम आटोपले. पहिले नाव तेवढे तपासले गेले.

या चुकीमागे मोठा इतिहास आहे. माहिती आणि तिच्यावरची कामे एका 'वस्तू'त बांधण्याची कल्पना ऑस्लोच्या संशोधकांनी 'सिम्युला ६७' या भाषेत साकार केली. पुढे असे ठरत गेले की, वस्तूचे पोट बाहेरच्यांपासून झाकलेले असावे. मग पोट न उघडता आतली एकेक चीज बाहेर द्यावी कशी? अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'क्लू' भाषेत याचे उत्तर दिले, आणि त्याला नाव दिले इटरेटर. तो एक चीज देतो, तिथेच थांबतो, आणि मागणाऱ्याचे काम होताच तिथूनच पुढे निघतो. थांबल्याची जागा ज्या त्या फेरीपाशी राहते.

तरीही 'आयफेल' भाषेच्या याद्यांनी खूण आपल्याच पोटात ठेवली होती. वेगळ्या खुणांची सोय तिथे मागाहून आली. म्हणजे मी एकटाच फसलो नव्हतो! १९९४ साली चार लेखकांनी 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथात २३ घाट नोंदले. त्यांत इटरेटरला स्वतंत्र वस्तूचे स्थान मिळाले. १९९८ मध्ये जावाने आणि २००१ मध्ये पायथॉनने तो आपलासा केला.

मला हे सारे उमगले ते मात्र मुलुंड स्थानकाच्या फलाटावर. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला गेली ती याच वाटेने. आज त्याच ठाण्यांच्या मालिकेतून धीमी गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत जाते, जलद गाडी काही ठाणी गाळते. मालिका एकच, फिरस्ते अनेक, चाली निराळ्या. आपण कुठवर आलो, हे ज्या त्या गाडीपाशी असते. दादरला एक गाडी पोचली म्हणून मुलुंडची गाडी पुढे सरकत नाही.

घरी येऊन मी यादी सुधारली. कुणी फेरी मागताच यादीने नवा फिरस्ता द्यावा. 'नेक्स्ट' म्हणताच त्याने पुढचे नाव सांगावे आणि नावे सरली की तसे कळवावे, एवढाच नियम. या खेपेस आज्ञावलीला वेळ जास्त लागला, पण आजोबा सापडले. त्यांच्यामागोमाग आणखी दुबार नावे निघाली, तेव्हा बाईंनी मुकाट्याने लाल पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.