गडावर जड कॅमेरा कशाला?

सह्याद्रीत भटकणाऱ्या छायाचित्रकारांमध्ये एका मताला आता शास्त्रवचनाचा मान मिळाला आहे. निसर्गदृश्यं टिपायची तर फुल फ्रेम कॅमेराच हवा, त्यावर एफ/२.८ चे तीन झूम हवेत, आणि त्यांतही अल्ट्रावाइड आधी घ्यावी. वजनाचं काय, असं कुणी विचारलं तर ‘फोटोसाठी एवढे कष्ट घ्यावेच लागतात’ हे उत्तर तयार असतं. या मताला आधार नाही असं नाही. मोठ्या सेन्सरला प्रकाश जास्त मिळतो आणि महागड्या झूम लेन्स कडेपर्यंत रेखीव असतात, हे खरंच आहे. पण गाडी लावून दहा पावलांवर ट्रायपॉड उभा करणाऱ्याचं हे शास्त्र मुक्कामी ट्रेकला निघालेल्याच्या गळ्यात मारलं जातं, तिथे ते चुकतं. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत वजन हाही चित्राच्या गुणवत्तेचाच घटक असतो.

आधी हिशेब करू. तुलना न्याय्य व्हावी म्हणून एकाच कंपनीची उदाहरणं घेतो. निकॉनचा झेड ७ टू हा फुल फ्रेम कॅमेरा आणि त्याचे १४-२४, २४-७० व ७०-२०० हे एफ/२.८ झूम यांचं वजन मिळून साडेतीन किलो होतं. त्याच कंपनीचा छोट्या सेन्सरचा झेड ५० आणि त्याच्या १६-५० व ५०-२५० या दोन लेन्स मिळून एक किलोही भरत नाहीत. फुल फ्रेमच्या मापात या दोन लेन्स २४ पासून ३७५ मिलिमीटरपर्यंतचा पल्ला देतात. फरक अडीच किलोचा, म्हणजे अडीच लिटर पाण्याचा. उन्हाळ्यात अलंग-मदन-कुलंग या गडांचा ट्रेक करणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पूर्वपक्षाचा आवडता दाखला थोर छायाचित्रकारांचा असतो. सॅम्युअल बोर्नने १८६६ मध्ये हिमालयातल्या मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, काचेच्या प्लेटांवर चित्रं घेतली. मग आपण साडेतीन किलोंना का भ्यावं? पण बोर्नचा पसारा हमालांच्या पाठीवर होता, आणि तो नेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. ओल्या कोलोडियनची प्लेट सुकण्याआधी जागेवरच धुवावी लागे, त्यामुळे अंधारा तंबूही बरोबर न्यावा लागे. ॲन्सेल ॲडम्स १० एप्रिल १९२७ रोजी हाफ डोम या कड्यासमोर पोहोचला, तेव्हा बरोबर नेलेल्या बारा प्लेटांपैकी दोनच उरल्या होत्या. प्रसिद्ध झालेलं चित्र त्याने लाल फिल्टर लावून शेवटच्या प्लेटवर घेतलं. ओझ्याने त्याच्या संधी मोजूनमापून दिल्या होत्या, हेच यातून दिसतं.

याउलट गेलन रोवेलचा दाखला सहसा कुणी देत नाही. हा मूळचा गिर्यारोहक. मोठ्या फिल्मचे कॅमेरे उपलब्ध असताना त्याने डोंगरासाठी ३५ मिलिमीटरचा हलका कॅमेरा निवडला. १९८१ मध्ये ल्हासात इंद्रधनुष्य दिसलं, तेव्हा ते नेमकं पोताला प्रासादावर टेकलेलं दिसेल अशा जागी तो त्या विरळ हवेत पळत गेला. ते चित्र जगभर गाजलं. दृश्य स्थिर असतं आणि छायाचित्रकाराला सवड असते, हा समज तिथेच मोडतो. चित्र कुठून आणि कधी घेतलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि दोन्ही गोष्टी पायांच्या हाती असतात.

आता एफ/२.८. याच ॲडम्सने सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये स्थापलेल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ होतं. पायाजवळच्या दगडापासून दूरच्या सुळक्यापर्यंत सगळं रेखीव हवं, तर छिद्र बारीक करावं लागतं. निसर्गचित्रं बहुतेक एफ/८ ते एफ/११ वर घेतली जातात. तिथे एफ/४ ची लेन्स तितकंच काम करते. निकॉनच्या २४-७० मध्ये एफ/२.८ चं वजन ८०५ ग्रॅम, एफ/४ चं ५०० ग्रॅम. वरचे तीनशे ग्रॅम आपण न वापरल्या जाणाऱ्या छिद्रासाठी वाहतो.

सेन्सरचंही तसंच. छोट्या सेन्सरवर एफ/७.१ ला जेवढी खोली रेखीव येते, तेवढीच मिळवायला फुल फ्रेमवर एफ/११ च्या आसपास जावं लागतं. हातात कॅमेरा धरून शटरचा वेग तोच ठेवायचा तर आयएसओ दुपटीहून अधिक वाढवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच खर्ची पडते. ट्रायपॉडवर कमी आयएसओ ठेवता येतो, तेव्हा सावलीतले तपशील फुल फ्रेममध्ये सुमारे एका स्टॉपने सरस मिळतात, हे मान्य. पण ए४ आकाराच्या पानभर उत्तम छपाईला नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. झेड ५० च्या २१ मेगापिक्सेलमध्ये साडेअठरा बाय बारा इंचांचा प्रिंट निघतो.

सर्वांत फसवा आग्रह अल्ट्रावाइडचा. २८ ऐवजी १४ मिलिमीटर लावली की दूरचा डोंगर चित्रात निम्म्या उंचीचा होतो. कळसूबाईवरून दिसणारे अलंग, मदन, कुलंग अशा चित्रात क्षितिजावरची टेंगळं वाटतात. शंभर-दीडशे मिलिमीटरला त्यांचे कडे कडे म्हणून उभे राहतात. पावसाळा ओसरताना धुक्यातून एकामागे एक निघणाऱ्या रांगांनाही टेलीच लागते. अपवाद आहेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अंतर्वक्र, त्याच्या काठावर मागे सरकून उपयोग नाही; केदारेश्वराच्या गुहेत आणि सांदण दरीतही जागा कमी. पण कड्यावर चार-पाच उभ्या चौकटी घेऊन त्या नंतर जोडता येतात. पावसाळ्यापूर्वी गडावरून आकाशगंगा टिपायची असेल तर मात्र मोठ्या छिद्राची एक छोटी वाइड प्राइम जरूर न्यावी. त्या एका कामासाठी तिन्ही जड झूम नेण्याचं कारण नाही.

तेव्हा माझ्या मते सॅक अशी भरावी: छोट्या सेन्सरचा कॅमेरा, एक साधा झूम, एक हलकी टेली, दोन जादा बॅटऱ्या, पावसासाठी ड्राय बॅग, आणि वाचलेल्या वजनातून किलोभराचा ट्रायपॉड. पहाटेच्या मंद उजेडात फुल फ्रेमहूनही तो अधिक उपयोगी पडतो. कॅमेरा सॅकच्या तळाशी न ठेवता खांद्याच्या पट्ट्यावर, हाताशी ठेवावा. फुल फ्रेम आधीपासून घरात असेल तर विकू नका. त्यावर एफ/४ चा एकच झूम लावून निघा. नवी खरेदी करणाऱ्याने मात्र दुकानात लेन्सच्या छिद्राआधी तिचं वजन विचारावं.