समुद्र नावात, ठिपके काचेवर

बोम्मसंद्र्यात समुद्र आहे, पण तो फक्त नावात. बंगळूरच्या आसपास सिंगसंद्रा, जक्कसंद्रा, तिप्पसंद्रा अशी नावं एकामागून एक लागतात. त्यांतलं ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या शब्दाचं झिजून उरलेलं रूप मानलं जातं. बांध घालून अडवलेल्या मोठ्या तळ्याला या मुलखात ऐटीत ‘समुद्र’ म्हणत. म्हणजे बोम्मसंद्रा हे बोम्माचं तळं. खरा समुद्र इथून रस्त्याने 300 किलोमीटरहून लांब आणि सुमारे 900 मीटर खाली. होसूर रोडवरचं हे गाव आज ओळखलं जातं ते औद्योगिक वसाहतीमुळे आणि ऑगस्ट 2025 पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्थानक म्हणून.

अशा ठिकाणी कुणी हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तर तिच्यातला समुद्र पिशवीतून येतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. हायड्रोमीटरवर 1.025 च्या आसपास आकडा दिसेपर्यंत ढवळत बसायचं. मग खडक, वाळू, दोनचार गोगलगायी, एखादा क्लाउनफिश. काही आठवडे नीट जातात आणि एका सकाळी काचेवर पांढरे ठिपके दिसतात. काही रव्याएवढे, काही खसखशीएवढे. काल तर नव्हते! रोग म्हणावा, की मीठ नीट विरघळलं नाही म्हणावं?

पांढऱ्या ठिपक्याने माणसाला चकवण्याची ही काही पहिली वेळ नाही. लंडनमध्ये रॉबर्ट हूक वाळूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहत होता. त्यात टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा कण गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला निघाला. 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने त्याचं चित्र छापलं. तो शंख नव्हताच, ते फोरामिनिफेरा गटातल्या एकपेशीय जिवाचं कवच होतं. पण हे उमगायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली. फ्रान्सच्या आल्सिद दॉर्बिन्यीने 1826 मध्ये या गटाला नाव दिलं, शेकडो जाती मांडल्या आणि सगळ्यांना नेऊन बसवलं ऑक्टोपस-माकुळाच्या भावकीत. 1835 मध्ये फेलिक्स द्युजार्दँने जिवंत नमुने पाहिले, तेव्हा आत ना डोकं, ना सोंडा. नुसता सरकणारा जीवद्रव्याचा थेंब. दॉर्बिन्यीएवढ्या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाची ही गत, तर टाकीतल्या कणाला मीठ समजणाऱ्या हौशी माणसाला कोण हसणार?

बार्नकलची गोष्ट तर थेट काचेच्या भांड्यातलीच आहे. खडकांना, होड्यांच्या तळाला चिकटणारे हे पांढरे, खरखरीत सुळके. कोकणातला दर्यावर्दी होडी वर ओढली की ते खरवडून काढतो. कवच चुन्याचं, म्हणून क्युव्हिएसारख्या दिग्गज प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना कालवं-शिंपल्यांच्या गटात टाकलं होतं. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या खाडीवर जॉन व्हॉन टॉमसन नावाचा लष्करी सर्जन राहत असे. बारीक कापडाच्या जाळीतून त्याने समुद्रातले इवलेसे पोहणारे जीव गाळून घेतले आणि भांड्यात ठेवले. काही दिवसांनी त्यांतले काही तळाला चिकटले, त्यांनी कात टाकली आणि त्यांचे बार्नकल झाले. म्हणजे हे शिंपल्यांचे नव्हे, कोळंबी-खेकड्यांचे सोयरे! 1830 मध्ये त्याने हे छापलं. पुढे चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच बार्नकलांवर घातली.

आता बोम्मसंद्र्यातल्या काचेवर सोनाराचं दहापटीचं भिंग धरावं. काचेला घट्ट चिकटलेला, दोनतीन मिलिमीटरचा, वेटोळं घातलेला ठिपका दिसला, तर तो बहुधा स्पायरॉर्बिस. हा किडा स्वतःभोवती चुन्याची नळी बांधत जातो. भिंगाखाली धीराने बसलं तर नळीच्या तोंडातून पिसासारखे चिमुकले पंजे बाहेर येताना दिसतात. सावली पडली की सटकन आत. लिनियसने 1758 मध्ये यालाही शंखशिंपल्यांच्या पंगतीला बसवलं होतं. हा अंडी नळीत किंवा झाकणाशी सांभाळतो, पिल्लं बाहेर पडली की लवकरच जवळपास चिकटतात. म्हणून सोमवारी पाच ठिपके आणि महिन्याने पन्नास, असा हिशेब होतो. काचेवर धावणारे, थांबून पुन्हा धावणारे कण म्हणजे कोपेपॉड, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले. माशांना ते आयतं खाणं. कोपऱ्यात पंपाच्या आडोशाला कापसाच्या बोंडासारखं काही वाढलं असेल, तर तो छोटा स्पंज. आणि बोटाने चोळल्यावर जे पिठासारखं सुटतं, ते कॅल्शियम कार्बोनेट असू शकतं, क्षार मिसळताना घाई केल्याने खाली बसलेलं.

व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, असा सल्ला काही जण देतात. फेस आला तर चुना. खरं आहे, पण स्पायरॉर्बिसची नळीही चुन्याचीच, तीही फेसाळते. व्हिनेगर चुना ओळखतं, जीव ओळखत नाही.

घरात समुद्र ठेवण्याची हौस लंडनमधून पसरली. ॲना थिन या बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ घरी आणले. हवेचा पंप तेव्हा कुठला? घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत राही. 1853 मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसने ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक काढलं. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी घरी बनवायच्या समुद्रपाण्याची कृतीही त्याने त्याच वर्षी दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार. होसूर रोडवरच्या पिशवीची पणजी तीच.

हिंदुस्थानात 1909 मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर सागरी मत्स्यालय सुरू झालं. कल्पना तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांची. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मराठी माणसाचं मत्स्यालय म्हणजे मात्र मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खर्च आठ लाख, त्यांतले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूरांचे. किती पिढ्यांच्या शाळेच्या सहली तिथे काचेला नाक लावून उभ्या राहिल्या असतील! 2015 मध्ये ते नव्या रूपात उघडलं, पुढे कोविडच्या काळात बंद झालं. रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र 1958 चं. तिथलं मत्स्यालय कोकणच्या पर्यटकाला ठाऊक असतं. बंगळूरला कब्बन पार्कमध्ये सरकारी मत्स्यालय आलं ते 1983 मध्ये. मुंबई-रत्नागिरीला समुद्र हाकेच्या अंतरावर, बंगळूरला तो बनवूनच घ्यावा लागतो. त्यामुळे इथे ठिपके येतात ते पाण्यातून नव्हे, तर दुकानातल्या खडकाला, वाळूला किंवा गोगलगायीच्या पाठीला चिकटून.

त्या खडकाचीही एक भानगड आहे. 11 जुलै 2001 रोजी केंद्र सरकारने सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळाचा खडक उचलून टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

ज्या ठिपक्याची खरोखर धास्ती घ्यावी, तो काचेवर नसतो, माशावर असतो. गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी फ्रान्समध्ये फुकेने 1876 मध्ये वर्णिला होता. खाऱ्या पाण्यात तसाच रोग जपानमध्ये सिकामाने 1937 मध्ये नोंदवला आणि 1951 मध्ये, म्हणजे तारापोरवाला उघडलं त्याच वर्षी, ब्राउनने लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवरून त्या जिवाला ‘क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स’ हे नाव दिलं. दोन्ही रोग दिसायला जुळे, म्हणून जीवही भाऊ-भाऊ असावेत असा समज बराच काळ टिकला. जनुकं तपासल्यावर नातं फार दूरचं निघालं. हा परजीवी माशाच्या कातडीत काही दिवस पोसतो, मग सुटून वाळूत नाहीतर खडकावर कोष करतो. त्या कोषातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. कुठला कोष चार दिवसांत फुटतो, कुठला चार आठवड्यांत. मासा एका सकाळी स्वच्छ दिसला म्हणून रोग गेला असं नाही, तो पुढच्या फेरीसाठी तळाशी दबा धरून असू शकतो.

या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं गोगलगायी, कोळंबी आणि स्पायरॉर्बिस सगळ्यांना मारतं, शिवाय चुन्याच्या खडकात मुरून बसतं. म्हणून ज्यांच्या काचेवर आज ठिपके आले आहेत, त्यांनी बाटली उघडण्याआधी भिंग घ्यावं, ठिपका काचेवर आहे की माशावर ते पाहावं, आणि माशावर असेल तर औषध मोठ्या टाकीत न ओतता माशाला वेगळ्या बादलीवजा टाकीत हलवावं.