जिल्हा व ग्रामीण वृत्तपत्रांचे गुणपरीक्षण आणि गौरव (धर्मापुरी परिसर, जि. बीड)

एखादे गाव, तालुका किंवा जिल्हा एवढ्याच टापूतील वाचकांसाठी निघणारी दैनिके, साप्ताहिके व पाक्षिके यांतील मजकुराची पारख करून त्या पत्रांना वा त्यांतील पत्रकारांना पुरस्कार, मानपत्र, अधिस्वीकृती (शासनाने पत्रकार म्हणून दिलेली ओळखपत्रासह मान्यता) अथवा सन्मानवेतन देण्याच्या व्यवस्थेचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रात अशा मान्यतेचा ओघ प्रामुख्याने व्यक्तीकडे व तिच्या नावाने छापलेल्या लेखनाकडे राहिला असून वृत्तपत्राचा संपूर्ण अंक समोर ठेवून त्याची गुणवत्ता ठरविण्याची प्रथा दिवाळी अंकांपुरतीच रुजली आहे.

परिसर

धर्मापुरी हे अंबाजोगाई व परळी वैजनाथ या दोन बाजारपेठांच्या टापूतील गाव चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे व किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. वृत्तपत्रांच्या दृष्टीने मात्र ते बातमीचे ठिकाण आहे. अंबाजोगाईचे ‘विवेक सिंधु’ (मुकुंदराजांच्या ग्रंथावरून हे नाव घेतलेले असून मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे), परळीचे ‘मराठवाडा साथी’ आणि बीडची ‘चंपावतीपत्र’, ‘झुंजार नेता’, ‘पार्श्वभूमी’, ‘लोकाशा’ ही दैनिके या परिसराच्या वाचनातील जिल्हा वृत्तपत्रे होत. लोकसंख्येच्या मानाने दैनिकांची संख्या मोठी असलेला जिल्हा म्हणून बीडचा उल्लेख पत्रकारितेच्या वर्तुळात नेहमी होतो.

या पत्रांचा कणा म्हणजे गावोगावचे वार्ताहर. अंक वाटणारा एजंट, वर्गणी गोळा करणारा, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या व श्रद्धांजलीच्या जाहिराती मिळविणारा आणि बातमी पाठविणारा अशी चारही कामे पुष्कळदा एकच माणूस करतो व त्याचे उत्पन्न पगारापेक्षा जाहिरातींवरील कमिशनवर अवलंबून असते. त्याची बातमी ‘धर्मापुरी (वार्ताहर) :’ अशा ठिकाणदर्शक शीर्षाने सुरू होते आणि पहिल्या वाक्यातील ‘येथील’ हा शब्द त्या शीर्षातील गावाकडे निर्देश करतो. लिहिणाऱ्याचे नाव कोठेही येत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी निघणाऱ्या टोळ्या, मुकादमाची उचल (हंगामापूर्वी मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम), उन्हाळ्यातील टँकरच्या खेपा, पीकविम्याची रखडलेली रक्कम, ग्रामसभा, जत्रा, दहावीचा निकाल हे विषय अशाच बिननावाच्या बातम्यांतून नोंदले जातात. जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहिताना या चार-सहा ओळींच्या बातम्यांचे मोल अग्रलेखांहून अधिक ठरते, हे येथे मुद्दाम नोंदविणे आवश्यक आहे, कारण पुरस्कारांच्या रचनेत नेमका हाच मजकूर गाळला जातो.

पूर्वपीठिका

मराठी पत्रकारितेच्या गौरवाची सारी परंपरा बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाशी जोडलेली आहे. ‘दर्पण’ हे त्यांचे मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापणारे पत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, प्रारंभी ते पाक्षिक होते, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले आणि १८४० मध्ये बंद पडले. ६ जानेवारी हा दिवस राज्यात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो व जिल्हा आणि तालुका पत्रकार संघांचे बहुतेक सत्कार याच दिवशी होतात. हीच जांभेकरांची जन्मतारीख असल्याचा समज दीर्घकाळ रूढ होता. तथापि त्याबाबत एकमत नाही व २० फेब्रुवारी १८१२ ही तारीखही दिली जाते.

खेड्यातून वृत्तपत्र चालविण्याचा ठळक आदर्श बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडतो. सत्यशोधक विचारांचे मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या गावातून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, ते चालविले. छापखाना, टपाल व वर्गणीदार हे तिन्ही शहरात एकवटलेले असताना खेड्यात बसून एवढा काळ पत्र चालू ठेवणे हीच गुणवत्तेची सर्वांत कठीण कसोटी म्हणावी लागेल. तरवडी येथील स्मारक समिती त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे मराठी पत्रांची वाढ उशिरा झाली. हैदराबादेतून १९२० मध्ये निघालेले ‘निजाम विजय’ आणि आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले साप्ताहिक ‘मराठवाडा’ ही या काळातील प्रमुख पत्रे. ‘मराठवाडा’वर निजामी राजवटीने बंदी घातली तेव्हा नावे बदलून अंक काढण्याचा मार्ग चोखाळण्यात आला. संस्थानच्या विलीनीकरणानंतर हे पत्र औरंगाबादेस स्थिरावले व अनंत भालेराव (१९१९–१९९१) यांच्या संपादकत्वाखाली त्याला प्रदेशाच्या मुखपत्राचे स्थान लाभले. स्वातंत्र्यसैनिक असलेल्या भालेरावांनी मराठवाड्याच्या सिंचनाचे, रेल्वेचे व शिक्षणाचे प्रश्न सातत्याने मांडले आणि तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्या वार्ताहरांची एक पिढी या पत्राच्या आधाराने उभी राहिली.

शासकीय पुरस्कार

राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय उत्कृष्ट पत्रकारितेसाठी वार्षिक पुरस्कार देते. त्यांत राज्यस्तरीय व विभागीय असे दोन थर आहेत. राज्यस्तरावर मराठीसाठी बाळशास्त्री जांभेकर, हिंदीसाठी बाबूराव विष्णू पराडकर, इंग्रजीसाठी अनंत गोपाळ शेवडे व उर्दूसाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचे पुरस्कार असून विभागीय पुरस्कारांना त्या त्या भागातील संपादकांची नावे आहेत : नाशिकसाठी दादासाहेब पोतनीस, पुण्यासाठी नानासाहेब परुळेकर, कोल्हापूरसाठी ग. गो. जाधव, नागपूरसाठी ग. त्र्यं. माडखोलकर इत्यादी. धर्मापुरी परिसरातील पत्रकार ज्या विभागात मोडतात त्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) विभागाचा पुरस्कार अनंतराव भालेराव यांच्या नावाचा आहे.

प्रवेशिकेची पद्धत परीक्षणाचे स्वरूप बरेचसे ठरवून टाकते. आदल्या वर्षीच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कालावधीत प्रसिद्ध झालेले लेखन ग्राह्य धरले जाते, जिल्ह्यातील पत्रकार ते जिल्हा माहिती कार्यालयामार्फत सादर करतात, आणि त्यासोबत मूळ अंक वा कात्रण व त्याच्या प्रती जोडाव्या लागतात. लेखन टोपणनावाने किंवा नावाविना छापलेले असल्यास ते संबंधित पत्रकाराचेच असल्याबद्दल संपादकाचा दाखला द्यावा लागतो. कागदोपत्री ही सोय वार्ताहराला अनुकूल असली तरी तिचा लाभ मालिका किंवा स्वतंत्र लेख लिहिणाऱ्यालाच अधिक मिळतो, कारण वर्षभरात विखुरलेल्या शंभर छोट्या बातम्या एका प्रवेशिकेत मावत नाहीत आणि एकेकटी घेतली तर त्यांतील कोणतीच बातमी परीक्षकाच्या नजरेत भरत नाही. शिवाय पाच-सहा महिन्यांपूर्वीचा अंक गावात मिळणे दुरापास्त असते. एसटीने येणाऱ्या गठ्ठ्यातील उरलेले अंक रद्दीत जातात आणि कात्रण जपून ठेवण्याची सवय असलेला वार्ताहरच प्रवेशिका पाठवू शकतो.

अन्य पुरस्कार

फलटण येथील महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधी ही संस्था ‘दर्पण’ पुरस्कार देते, त्यांचे वितरण जांभेकरांच्या पोंभुर्ले (ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग) या जन्मगावी होत आले आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेली मराठी पत्रकार परिषद वसंत काणे यांच्या नावाने आदर्श जिल्हा पत्रकार संघास आणि सोलापूरच्या ‘संचार’चे संपादक रंगाअण्णा वैद्य यांच्या नावाने आदर्श तालुका पत्रकार संघास पुरस्कार देते. या दोन पुरस्कारांत लेखनाऐवजी संघटनेचे काम पाहिले जाते, ही त्यांची विशेषता होय.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या पुरस्कारांत ग्रामीण पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे व कोलकात्याचे ‘द स्टेट्समन’ हे दैनिक ग्रामीण वार्तांकनासाठी पुरस्कार देत आले आहे. बुंदेलखंडातील ग्रामीण स्त्रियांनी चालविलेल्या ‘खबर लहरिया’ला २००४ मध्ये मिळालेला चमेली देवी जैन पुरस्कार व २००९ मध्ये मिळालेले युनेस्कोचे किंग सेजाँग साक्षरता पारितोषिक हे संपूर्ण पत्राच्या गौरवाचे भारतातील लक्षणीय उदाहरण आहे.

संपूर्ण अंकाचे परीक्षण

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून रुळलेल्या दिवाळी अंक या प्रकाराच्या स्पर्धा महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्था घेतात. त्यांत संपादन, मांडणी, मुखपृष्ठ व साहित्य यांचा एकत्रित विचार होतो. जिल्हा वृत्तपत्रेही दिवाळी अंक व वर्धापनदिनाचे विशेषांक काढतात, परंतु वर्धापनदिनाच्या अंकात पानेच्या पाने शुभेच्छांच्या जाहिराती असल्याने अशा अंकावरून पत्राच्या नेहमीच्या कामाची कल्पना येत नाही. कोणत्याही तारखेचा साधा अंक घेऊन त्यातील स्थानिक मजकुराचे प्रमाण, ग्रामपंचायत, पंचायत समिती व बाजार समिती यांच्या कारभाराची नोंद, चुकीच्या बातमीचा खुलासा छापण्याची तयारी आणि जाहिरात व बातमी यांतील स्पष्ट भेद यांची तपासणी करणे हेच खरे गुणपरीक्षण ठरेल.

अमेरिकेत अशी पद्धत रूढ आहे. तेथील राज्य वृत्तपत्र संघटना सर्वसाधारण गुणवत्तेच्या स्पर्धेसाठी पूर्ण अंक मागवितात, आणि ओळखीपाळखीचा प्रभाव टाळण्यासाठी एका राज्यातील प्रवेशिका दुसऱ्या राज्यातील संपादकांकडून तपासून घेतात. साप्ताहिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली. तिचे ‘गोल्डन क्विल’ हे पारितोषिक साप्ताहिकातील अग्रलेखासाठी आहे. परीक्षकांच्या अदलाबदलीची ही रीत महाराष्ट्रास विशेष उपयोगाची आहे, कारण एका जिल्ह्यातील संपादक, पुढारी, जाहिरातदार व परीक्षक परस्परांना जवळून ओळखतात. बीडच्या अंकांची पारख सिंधुदुर्गच्या संपादकांनी आणि सिंधुदुर्गच्या अंकांची बीडच्या संपादकांनी केल्यास हा अडसर पुष्कळ कमी होईल.

खप व वर्गवारी

शासकीय जाहिरातींसाठी राज्य शासन मान्यताप्राप्त वृत्तपत्रांची अ, ब व क अशी वर्गवारी करते, तर केंद्रीय नोंदणी यंत्रणेनुसार २५,००० पर्यंत खपाचे पत्र लहान, ७५,००० पर्यंतचे मध्यम व त्यावरील मोठे समजले जाते. ही वर्गवारी खपाच्या आकड्यांवर आधारलेली असून गुणवत्तेशी तिचा थेट संबंध नाही, तरीही व्यवहारात मान्यताप्राप्त पत्रांच्या यादीवर असणे हीच प्रतिष्ठेची खूण मानली जाते. अधिस्वीकृतीपत्रांची संख्याही पत्राच्या वर्गाशी निगडित असल्याने गावपातळीवरील वार्ताहर बहुधा अधिस्वीकृतीपासून वंचित राहतो.

वादाचे मुद्दे

२००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या स्वरूपात छापलेल्या प्रचाराची, देशभर चर्चा झाली व वृत्तपत्र परिषदेने त्यावर अहवाल तयार केला. पुरस्कारांच्या निकषांत या बाबीचा समावेश असावा की नाही यावर मतभेद आहेत. ज्यांच्या कारभारावर लिहावयाचे त्या लोकप्रतिनिधींच्या हस्ते पत्रकारांनी पुरस्कार स्वीकारण्याबाबतही दोन मते आढळतात.

सन्मानवेतन

ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्य शासनाची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे.

अंकांचे जतन

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याची व्याप्ती १९५६ मध्ये वृत्तपत्रांपर्यंत वाढविण्यात आल्यापासून प्रकाशकाने प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य निर्दिष्ट ग्रंथालयांस देणे बंधनकारक आहे. त्यांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश होतो. जिल्हा वृत्तपत्रांच्या बाबतीत मात्र अभ्यासकाचा मुख्य आधार म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत महिनावार बांधून ठेवलेल्या फायली आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांतील जिल्दी याच होत. सलग दहा वर्षांच्या फायली दाखवू शकणारे पत्र पुरस्काराच्या यादीत असो वा नसो, धर्मापुरीसारख्या गावाच्या दुष्काळांची, स्थलांतरांची व निवडणुकांची तारीखवार नोंद त्याच्याच फायलींत मिळते.