धनंजय कीर : परस्परविरोधी नायकांचा एकच चरित्रकार

सावरकर की आंबेडकर, असा वाद आजही पेटतो. गंमत अशी की दोन्ही बाजू अनेकदा एकाच लेखकाचा आधार घेतात. तो लेखक म्हणजे धनंजय कीर (१९१३-१९८४).

कीर मूळचे रत्नागिरीचे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर तेथे स्थानबद्ध होते आणि कीरांचे शालेय वय त्याच वर्षांतले. पुढे मुंबई महापालिकेत नोकरी करत त्यांनी 'सावरकर अँड हिज टाइम्स' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९५० मध्ये. गांधीहत्येच्या खटल्यातून सावरकर निर्दोष सुटून जेमतेम वर्ष उलटले होते; जनमानसातील संशय मात्र सरला नव्हता. अशा वेळी हे चरित्र लिहिणे एका नोकरदारासाठी धाडसाचेच होते.

चारच वर्षांनी, १९५४ मध्ये, आंबेडकरांचे चरित्र आले. चरित्रनायक हयात होता, आणि इथेच पेच होता. १९३५ मध्ये येवल्याला केलेली धर्मांतराची घोषणा तेव्हा प्रत्यक्षात आलेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आणि ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण हे दोन्ही प्रसंग पुढच्या आवृत्तीतच येऊ शकले. पहिल्या आवृत्तीच्या वाचकाला भेटणारे आंबेडकर अजून बौद्ध झालेले नाहीत. ती आवृत्ती आज वेगळ्या कुतूहलाने वाचावी, ती याचसाठी.

पुढे टिळक (१९५९), फुले (१९६४), गांधी (१९७३) आणि शाहू महाराज (१९७६) यांची चरित्रे आली. वेदोक्त प्रकरणात टिळक आणि शाहू महाराज परस्परांविरुद्ध उभे होते. कीरांनी दोघांवरही तितक्याच आस्थेने लिहिले.

या आस्थेची किंमतही आहे. टिळकांना 'स्वातंत्र्यलढ्याचे जनक' आणि फुल्यांना 'सामाजिक क्रांतीचे जनक' ठरवणारी उपशीर्षके मुखपृष्ठावरच निकाल देऊन टाकतात. कीर साक्षीपुरावे गोळा करतात खरे, पण त्यांचा स्वर अनेकदा न्यायाधीशापेक्षा वकिलाचा वाटतो.

फुल्यांच्या बाबतीत मात्र ते चरित्रापाशी थांबले नाहीत. स. गं. मालशे यांच्यासह त्यांनी 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' संपादित केले आणि १९६९ मध्ये ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. कीरांनी रंगवलेले फुले आता खुद्द फुल्यांच्या शब्दांशी ताडून पाहता येऊ लागले.