सह्यांचा कागद

परवा रात्री अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. ती स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात शिकते. या वेळी फोन म्हणजे पैसे संपले असणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण निघालं वेगळंच.

"मामा, आमच्या ट्यूटरला टीचिंग अवॉर्डसाठी नॉमिनेट करायचंय. तू लिहितोस ना नेहमी काहीतरी, मग जरा बघून दे ना."

("लिहितोस ना काहीतरी" ही माझ्या साहित्यसेवेची आमच्या घरात झालेली नोंद. असो.)

तिने पाठवलेला मजकूर वाचला. प्रेरणादायी, समर्पित, अफलातून, सगळी विशेषणं हजर. फक्त ती बाई कुठे दिसेना. हेच पत्र जगातल्या कुठल्याही मास्तरला चाललं असतं. तिला "उद्या सांगतो" म्हटलं आणि मी वाचत बसलो, ते रात्री दोनपर्यंत. शिक्षक चांगला की वाईट हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा कधी कुणी विचारलं, हा किडा डोक्यात शिरला होता.

तर मंडळी, बोलोन्यात कुणी विचारायची वाटच पाहिली नव्हती. इटलीतल्या या गावात बाराव्या-तेराव्या शतकात कायदा शिकायला युरोपभरातून माणसं यायची. बरीचशी वयाने मोठी, काही तर चर्चमध्ये हुद्द्यावर असलेली. परक्या गावात त्यांना नागरिकांचे हक्क नव्हते. घरमालक भाड्यात लुबाडायचे, पुस्तकवाले किमतीत. म्हणून त्यांनी आपले संघ बांधले. विद्यापीठाच्या मालकीच्या इमारती नव्हत्याच, त्यामुळे "आम्ही सगळे उठून दुसऱ्या गावी जातो" ही धमकी पोकळ नव्हती. घरमालक वठणीवर आल्यावर संघांनी मोर्चा प्राध्यापकांकडे वळवला. त्यांचं पोट विद्यार्थ्यांच्या फीवर, त्यामुळे बहिष्कार म्हणजे उपासमार. विद्यार्थ्यांमधूनच रेक्टर निवडला जायचा आणि प्राध्यापकांनी त्याच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची!

१३१७ च्या नियमावलीतली कलमं वाचताना मला तर हसूच आलं. परवानगीशिवाय एक दिवसही गैरहजर राहायचं नाही. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवून जायचं. घंटेला तास सुरू, पुढची घंटा झाली की मिनिटभरात बंद. एकही प्रकरण गाळायचं नाही. अवघड मुद्दा तासाच्या शेवटावर ढकलायचा नाही (ही युक्ती सातशे वर्षं जुनी आहे तर!). आणि नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर गुरुजी गैरहजर होते असं समजून दंड. पुढे नगराने पगार द्यायला सुरुवात केली तशी सत्ताही नगराकडे गेली, आणि विद्यार्थ्यांचं राज्य संपलं.

दंडाची एवढी बारीक व्यवस्था, पण कुणी चांगलं शिकवलं तर काय, याबद्दल त्यात मला काही सापडलं नाही. मालकाला नोकराचा उशीर बरोब्बर दिसतो.

मग एकदम विसाव्या शतकात या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ च्या सुमारास सहकाऱ्याबरोबर एक मोजपट्टी तयार केली. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दहा गुणांवर तोलायचं. विषयाची आवड, गुण देण्यातला निःपक्षपातीपणा, विनोदबुद्धी, जिज्ञासा जागवणं... आणि त्यातच व्यक्तिमत्त्वाचं बाह्य रूप! म्हणजे इस्त्रीचेही मार्क. आज जगभर सत्राअखेर जे फीडबॅक फॉर्म भरून घेतात, त्यांच्या पूर्वजांपैकी हा एक. बोलोन्याच्या दंडापेक्षा नक्कीच सुधारलेला, पण पट्टीच शेवटी.

या सगळ्यात मला जास्त चटका लावून गेली ती येल विद्यापीठातली १९६५ सालची गोष्ट. रिचर्ड बर्नस्टाइन हे तत्त्वज्ञानाचे तरुण प्राध्यापक. त्यांच्या विभागाने त्यांना कायम करण्याची शिफारस एकमताने केली होती. वरच्या समितीने ती नाकारली. विद्यार्थी फलक घेऊन रस्त्यावर उतरले. शोधलेखनाला वजन किती आणि शिकवण्याला किती, हा वाद देशभर गाजला. निर्णय बदलला नाही. बर्नस्टाइन हॅव्हरफर्ड कॉलेजात गेले, पुढे न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये, मोठे तत्त्वज्ञ म्हणून नाव कमावलं आणि २०२२ मध्ये वारले. म्हणजे त्यांचं काही अडलं नाही. पण ती पोरं हरली होती, आणि हरणार हे दिसत असताना उभी राहिली होती.

आपल्याकडचं आठवायचं तर १९२१ मध्ये राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली त्यांची घोडागाडी स्वतः ओढत स्टेशनवर नेली. सुंदरच. पण तो निरोप होता. आपल्याला शिक्षक निघाल्यावरच भरून येतं. निवृत्ती, एकसष्टी, शाल, श्रीफळ, गौरवग्रंथ. ज्याची नोकरी पुढच्या जूनमध्ये राहील की नाही हे ठरायचंय, त्याच्याबद्दल वेळेवर दोन ओळी लिहिणारे थोडे.

विद्यार्थ्यांनीच नावं सुचवायची आणि विद्यार्थी संघटनेनेच बक्षिसं द्यायची, ही पद्धत ब्रिटनमध्ये २००८-०९ च्या सुमारास रुजू लागली, तीही स्कॉटलंडमधूनच. एडिंबराची संघटना त्यात आघाडीवर होती. तिथल्या नामांकनांच्या मजकुराचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं वक्तृत्वाबद्दल भरभरून लिहीत असतील असं मला वाटलं होतं. तर शिक्षकाने घेतलेली आणि डोळ्यांना दिसलेली मेहनत, आणि गरज लागली की हा माणूस असतो हा भरवसा, या गोष्टी तिथे ठळकपणे पुढे आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाचीला विचारलं, "तिने नेमकं केलं काय, ते सांग."

ती थांबली. मग म्हणाली, "मी पहिल्या टर्मला नापास झाले होते. आईला सांगू नकोस. तिने माझा पेपर घेऊन माझ्याबरोबर एक तास बसून फक्त एवढंच शोधलं, की माझं चुकायला कुठून सुरुवात झाली."

म्हटलं, हे लिही. बाकी सगळं खोड.

(ताई, तू हे वाचतेयस हे मला माहीत आहे. लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. तिने दुसऱ्या टर्मला पास होऊन दाखवलंय.)

हे सांगताना मला आमचे सर आठवत होते. १९८६ साल, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. रजेवरच्या कुणाच्या तरी जागी ते वर्षभरासाठी आले होते. एकदा त्यांनी एकच तार आम्हा चाळीसजणांना स्क्रू गेजने मोजायला लावली आणि सगळ्यांची मापं फळ्यावर लिहिली. मग विचारलं, "यातलं बरोबर कोणाचं?" सगळे गप्प. सरांनी स्वतः मोजून आपलंही माप खाली लिहिलं. ते सगळ्यांत लांबचं निघालं. ते मोकळेपणाने हसले आणि तिथून चूक म्हणजे काय ते शिकवायला लागले. मोजमापातली चूक मला त्या दिवशी कळली, ती आजतागायत.

मार्चमध्ये एका मित्राने अर्ज लिहिला, सरांना पुढच्या वर्षीही ठेवावं म्हणून. कागद सह्यांसाठी प्रयोगशाळेत फिरला. पंधरा दिवसांवर प्रॅक्टिकल होतं, आणि मार्क विभागप्रमुखांच्या हातात. कागद माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, "उद्या करतो." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. चाळीसातल्या नऊ सह्यांनिशी अर्ज गेला. जूनमध्ये सर नव्हते.

काल रात्री भाचीचा परत मेसेज. "मामा, एकटीच्या नावाने पाठवू की सगळ्या बॅचला विचारू?"

मी लिहिलं, विचारत बसू नकोस, आत्ता पाठव.

दहा मिनिटांनी "पाठवलं" असं आलं, पुढे एक हसरा चेहरा.