डाग कुठे मुरतो? सारवणापासून मायक्रोसिमेंटपर्यंत

मागच्या वेळी आपण भिंतींबद्दल बोललो, आज जमिनीवर यायचं आहे. विषय जरा घरगुती वाटेल, पण इतिहास नेहमी राजवाड्यातच सापडतो असं काही नाही.

हल्ली नव्या फ्लॅटमध्ये, जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीत मायक्रोसिमेंट नावाचा प्रकार दिसू लागला आहे. कुठे सांधा नाही, राखी किंवा मातकट रंग, हात फिरवला तर गुळगुळीत. जमीन तशी, कधी स्वयंपाकाचा ओटा तसा, न्हाणीघराच्या भिंतीही तशाच. नावात सिमेंट आहे, म्हणून लोक समजतात की हे दगडासारखं काहीतरी असणार. मग एक दिवस त्यावर डाळ सांडते, डाग राहतो, आणि घरातलं कुणीतरी मोरीखालची ॲसिडची बाटली काढतं. डाग जातो की नाही ते सोडा, त्या जागी पांढुरका, खरखरीत चट्टा मात्र कायमचा येतो. आता ही बाटली आपल्या हातात आली कशी? आमचं म्हणणं असं आहे की आपण प्रत्येक नवी जमीन तिच्या आधीच्या जमिनीच्या सवयीने धुतो, आणि नुकसान होतं ते तिथे.

सुरुवात शेणामातीपासून करू. सारवलेल्या जमिनीवर तेल सांडलं तर काय करत? पुसत नसत. माती तेल पिऊन टाकायची. तेवढा भाग खरवडायचा, माती भरायची, चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाचा हात फिरवायचा. म्हणजे डाग ‘काढणे’ हा प्रकारच नव्हता, डागासकट वरचा थर बदलला जायचा. कोकणात पावसाळा संपला की नवी जमीन करायची, ती ह्याच हिशेबाने. मराठीत ‘पोतेरं’ हा शब्द आज आपण आयुष्याचं वाटोळं झालं की वापरतो, पण मूळ पोतेरं म्हणजे सारवायचं फडकं. जमिनीचा वरचा थर हा खर्च व्हायलाच असतो, तो पुन्हा पुन्हा द्यायचा असतो, हे त्या फडक्याला ठाऊक होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मायक्रोसिमेंटपाशी तो परत येणार आहे. अर्थात त्यामागे बायकांचे गुडघे आणि मनगटं झिजलेली आहेत, तेव्हा उगीच गहिवरून जाण्याचं कारण नाही.

वाड्यांमध्ये आणि गडांवर चुना होता. गडावर गेलात की दगडी चाकाची, गोल चराची चुन्याची घाणी दिसते ना, तिथे बैल फिरवून चुना मळत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ अशी भर घालत. मग चोपून कोबा करायचा, आणि जिथे गुळगुळीत हवं तिथे चुना घोटायचा. घोटलेला चुना पाण्याला बराच दाद देत नाही. मोरोक्कोत ताडेलाक्त नावाची अशीच पद्धत आहे. तिथे घोटताना ऑलिव्ह तेलाचा साबण चोळतात, चुना आणि साबण मिळून पाण्याला हटवणारा पातळ थर तयार होतो. बिनसांध्याच्या घोटीव पृष्ठभागाची ही कल्पना जुनी आहे, ती काही कालच्या इंटिरिअरवाल्यांनी शोधलेली नाही.

मग सगळं बदललं ते रोगामुळे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात त्याने थैमान घातलं. सरकारी पथकं घरात शिरायची, भिंतींना चुना मारायची, जंतुनाशकं फवारायची आणि मातीच्या जमिनी खणून काढायची. समज असा की रोग जमिनीत मुरतो. १८९८ मध्ये कराचीला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला वेळ गेला. तोवर एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की झाली होती: चांगली जमीन म्हणजे कठीण जमीन, जिच्यावर बादलीभर पाणी ओतून फिनेल मारता येतं. त्याच वर्षी, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे चाळी आणि नवी घरं बांधली गेली तेव्हा सारवणाची जमीन शहरातून हद्दपारच झाली म्हणा ना.

तिच्या जागी आली शहाबादी. शहाबाद आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १८७१ मध्ये जीआयपी रेल्वे मुंबईकडून रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला मिळाली, आणि त्याच मार्गावरच्या शहाबादचा दगड गाडीने आपल्याकडे येणं सोपं झालं. आंध्रातून कडप्पा आला, तो ओट्यावर बसला. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आमसूल, चिंच, लिंबू यांचं जरा थेंब सांडून राहिलं की कडप्प्यावर पांढरट गोल उमटतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो डाग नव्हे बरं का. तिथे आम्लाने दगडच खाल्लेला असतो. जे खाल्लं गेलं ते घासून परत कसं येणार?

सिमेंटचंही थोडं सांगतो. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ते घरात आलं कोबा म्हणून आणि टाइल म्हणून. १९२२ मध्ये स्वदेशीच्या वातावरणात भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली, तिच्या नक्षीच्या सिमेंट टाइल मुंबईच्या जुन्या इमारतींत अजून दिसतात. कोकणात, गोव्यात तांबडा कोबा झाला. सिमेंटात लोखंडाचा तांबडा रंग मिसळून, थापीने घोटून, वर मेणाचा किंवा खोबरेलाचा हात. मायक्रोसिमेंटची खरी आजी कोण असेल तर हा तांबडा कोबा. आणि बघा, आजीलाही वरचा हात लागायचाच. मेणाचा तो हात बंद झाला की कोबा कळकट व्हायचा.

मग ॲसिड कुठून आलं? चकचकीत पांढऱ्या टाइलबरोबर. भाजलेल्या टाइलवर काचेसारखा थर असतो, त्याला हायड्रोक्लोरिक आम्लाचं फारसं काही वाटत नाही. बांधकाम संपलं की गवंडी सिमेंटचे शिंतोडे घालवायला टाइल ॲसिडने धुतो, घरमालकीण ते बघते, आणि बाटली घरात राहते. संडास, न्हाणी करत करत ती मोझाइकवर आणि शहाबादीवर पोचली. ॲसिड पडलं की फसफस फेस येतो आणि आपल्याला वाटतं, बघा घाण कशी सुटतेय! मंडळी, तो फेस घाणीचा नाही. दगडातलं किंवा सिमेंटातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड आहे तो. जमीन उजळते, कारण वरची कातडी गेलेली असते. पुढच्या वेळी तीच जमीन दुप्पट मळते, कारण आता ती सच्छिद्र झाली. मग आणखी ॲसिड.

यात जळतं ते फक्त फरशीचं नाही. पाच घरी काम करणारी बाई त्या वाफा पाच वेळा छातीत घेते. तेच ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. आणि हीच ‘फरशी धुवायची’ बाटली बायकांच्या चेहऱ्यावर फेकली गेली. २०१३ मध्ये ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला किरकोळ विक्रीवर बंधनं घालावी लागली: नोंदवही ठेवा, ओळखपत्र बघा, अठराच्या खालच्याला देऊ नका. स्वच्छतेच्या इतिहासात हे पान आम्ही मुद्दाम वाचतो.

आता मायक्रोसिमेंटकडे या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत युरोपातून, विशेषतः स्पेनकडून, ही पद्धत पसरली. सिमेंट, अगदी बारीक खडा, रंग आणि प्लास्टिकच्या जातीची राळ यांचं मिश्रण थापीने दोन-तीन मिलिमीटर जाडीत, पदराने चढवतात. खालची जुनी टाइल फोडावी लागत नाही, म्हणून ते फ्लॅटवाल्यांना आवडलं. पण हे मिश्रण उघडं ठेवलं तर ते चहा, तेल, सगळं पितं, कारण शेवटी ते सिमेंटच. म्हणून वर सीलर देतात, बहुधा पॉलियुरेथेनचा. तो माणसाच्या केसापेक्षा फार जाड नसतो. तुम्ही रोज पुसता ते मायक्रोसिमेंट नसतंच मुळी, तो केसाएवढा थर असतो. डाग त्याच्या वर आहे तोवर साधं फडकं पुरतं. डाग त्याच्या खाली गेला की मग जगातला कुठलाही साबण आत पोचत नाही.

यातून बाकीचं सगळं आपोआप कळतं. सांडलं की लगेच टिपायचं. टिपायचं म्हणतोय आम्ही, फासायचं नाही. मऊ कापड, कोमट पाणी, भांड्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब किंवा आम्ल-अल्क नसलेलं न्यूट्रल क्लीनर, आणि नंतर साध्या पाण्याचा हात, नाहीतर साबणाचा धुरकट पडदा राहतो. तारेची घासणी, काथ्या, घासायची पावडर ही सीलरवर बारीक ओरखडे पाडतात. ते दिसत नाहीत, पण पुढच्या वेळी चिंचेचं पाणी त्याच वाटेने आत शिरतं. कमोडसाठीचं द्रव त्या जमिनीवर नको, त्यातही बहुधा तेच आम्ल असतं. ब्लीच, अमोनिया, वाफेचं यंत्र नको. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आणि केसांचा रंग हे सीलरचे मोठे शत्रू. कढई गॅसवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवू नका. ओली पायपुसणी तासन्‌तास पडून राहू देऊ नका. सणाच्या दिवशी समईखाली ताम्हण ठेवा, आणि रांगोळी पायाने फरफटवण्याऐवजी आधी झाडूने हलकेच गोळा करा, तिच्यात वाळूचा अंश असेल तर ती पॉलिशपेपरचं काम करते.

सीलर शाबूत आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. पाण्याचा थेंब ठेवा, दहा मिनिटं थांबा. थेंब मण्यासारखा राहिला तर ठीक. खाली जमीन काळवंडली तर थर झिजला आहे, आणि आता घासण्याची नाही तर काम करून देणाऱ्याला बोलावून नवा हात द्यायची वेळ आली. ओट्यापुढची, सिंकजवळची जागा आधी झिजते. सारवणाचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता, तो हाच. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दगडाने आणि टाइलने आपल्याला शिकवलं की जमीन एकदा घातली की संपलं. मायक्रोसिमेंट विकणारे हीच समजूत पुढे चालवतात, ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणतात. आमच्या मते हे निव्वळ धंद्याचं बोलणं आहे. आणि ज्या ताई फरशी पुसायला येतात त्यांना या गोष्टी कुणी सांगतच नाही. त्यांच्या हातात योग्य बाटली देणं हे घरमालकाचं काम. आपण ॲसिड आणून ठेवायचं आणि चट्टा पडला की त्यांच्या पगारातून कापायचं, हे बरोबर नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘ओट्यावर हळदीचा डाग आहे. सोड्याने घासला तर लाल झाला. काय करावं?’

फार छान चिठ्ठी. तुम्ही ओट्यावर कुंकू केलंत! आपल्याकडे कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करत आले. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की तांबडं होतं. साबणाच्या वडीने धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरही हेच होतं. तेव्हा घाबरू नका, सोडा पाण्याने पूर्ण धुऊन काढलात की लाली उतरते, पिवळा राहतो. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, ते फोडणीच्या तेलाबरोबर आलेलं असतं, म्हणून आधी भांड्याच्या पातळ साबणाने तेल सोडवा. राहिलेला पिवळेपणा उन्हावर सोपवा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, खिडकीतून येणाऱ्या उजेडानेही तो काही दिवसांत फिकट होत जातो. लिंबू चोळू नका, लालीचा पिवळा होईल खरा, पण सीलर कुठे झिजलेला असेल तर आम्ल सिमेंटापर्यंत जाईल. महिनाभराने डाग तसाच दिसला तर तो सीलरच्या खाली गेला आहे असं समजा, आणि तेवढ्या तुकड्याचा सीलर उतरवून नवा देता येतो का, ते काम करून देणाऱ्याला विचारा.

दुसरी चिठ्ठी कौलांबद्दल आहे, ती पुढच्या व्याख्यानासाठी ठेवतो. तेव्हा छपरावर चढायचंच आहे.