पुंज संवेदक व चुंबकत्वमापन

पुंज संवेदक : अणू, अणुकेंद्र वा इलेक्ट्रॉन यांच्या ठराविक ऊर्जापातळ्यांचा उपयोग करून चुंबकीय क्षेत्र, विद्युत् क्षेत्र, गुरुत्व किंवा काल यांचे मापन करणारे साधन. मोजावयाची राशी यात बहुधा एका कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) रूपाने मिळते. ही कंप्रता पुष्कळदा रेडिओ किंवा सूक्ष्मतरंग पट्ट्यात असल्यामुळे पुंज संवेदक व रेडिओ-कंप्रता तंत्र यांचा निकट संबंध आहे. पाणबुड्यांचा शोध, उपग्रहांच्या साहाय्याविना मार्गनिर्देशन व क्षीण रेडिओ संकेतांचे ग्रहण या कामांमुळे या साधनांना राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व आले आहे. यांपैकी चुंबकीय मापनाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे.

पूर्वेतिहास : मुंबईतील कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. तेथे १८४१ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली भूचुंबकीय वेध घेण्यास प्रारंभ झाला. पुढे गणितज्ञ व ज्योतिर्विद म्हणून प्रसिद्धीस आलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी उमेदीच्या काळात या वेधशाळेत काम केले. टांगलेल्या चुंबकाचे विचलन डोळ्यांनी वाचून नोंदविण्याची ही पद्धत कष्टाची होती; तथापि तिच्यातील सातत्यामुळे एक असाधारण नोंद हाती लागली. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळात कुलाबा येथील क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटला. त्या वादळाने यूरोप व अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळित झाली होती. त्याच्या तीव्रतेचा अंदाज बांधताना आजही कुलाब्याच्या या वेधांचा आधार घेतात.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या आणण्याचे ठरल्यावर वेधशाळेपुढे अडचण उभी राहिली. रुळांतून जमिनीत झिरपणारे विद्युत् प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात व त्यात पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल झाकले जातात. यास्तव अलिबाग येथे अचुंबकीय द्रव्यांच्या इमारती बांधण्यात आल्या आणि १९०४–०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. हे काम वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत झाले. विद्युत् ट्रॅम मे १९०७ मध्ये सुरू झाली, तोवर चुंबकीय वेध अलिबागला हलले होते. मूस यांनी १८४६–१९०५ या काळातील वेध संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केले. उपकरण जितके संवेदनक्षम, तितकी त्यास शांत जागा अधिक आवश्यक, हे या स्थलांतरावरून स्पष्ट होते.

साधनांचा विकास : चुंबकीय क्षेत्र मोजून पाणबुडी शोधण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात पुढे आले. व्हिक्टर व्हॅकिए यांनी विकसित केलेला फ्लक्सगेट चुंबकत्वमापक विमानात बसवून बुडलेल्या पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात पडणारा फरक टिपता येऊ लागला. १९५० नंतरच्या दशकात पुंज तत्त्वावरील साधने आली. प्रोटॉन चुंबकत्वमापकात पाणी किंवा तत्सम द्रवातील प्रोटॉन प्रथम एका प्रबळ क्षेत्राने एका दिशेस वळवितात व ते क्षेत्र एकाएकी काढून घेतात. मग प्रोटॉन भोवऱ्याप्रमाणे पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डोलू लागतात. ४०,००० नॅनोटेस्ला क्षेत्रात ही डोलनकंप्रता सु. १,७०० हर्ट्‌झ भरते. ती क्षेत्राच्या सम प्रमाणात असल्याने क्षेत्राचे निरपेक्ष मूल्य मिळते. पुढे सीझियमासारख्या अणूंच्या बाष्पावर प्रकाश टाकून चालणारी व अतिसंवाहकतेवर आधारलेली अधिक संवेदनक्षम साधनेही तयार झाली.

पाणबुडीचा शोध : पाणबुडीचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, अंतर दुप्पट झाल्यास ते एक-अष्टमांश उरते. त्यामुळे टेहळणी विमानाला मिळणारा संकेत पुष्कळदा काही नॅनोटेस्ला किंवा त्याहूनही कमी असतो. उलट सूर्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात दररोज होणारा फेरफार भारतात काही दशक नॅनोटेस्ला इतका असतो आणि खुद्द विमानाच्या धातूचा व विद्युत् मंडलांचा परिणाम निराळाच. म्हणून संवेदक शेपटीमागील लांब दांड्याच्या टोकाशी बसवितात. भारतीय नौदलात अशी सोय असलेली आयएल-३८ विमाने १९७७ मध्ये गोव्यातील आयएनएस हंसा या तळावर दाखल झाली व २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्याच तळावर २०२२ मध्ये पी-८आय विमानांचे पथक कार्यान्वित झाले असून त्या विमानांतही चुंबकीय शोधक आहे.

रेडिओ-कंप्रता तंत्र : रडार व संदेशवहन यांना लागणाऱ्या सूक्ष्मतरंग घटकांच्या निर्मितीसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये एक विशेष विभाग सुरू झाला. त्यातूनच १९८४ मध्ये पवई येथे ‘समीर’ ही स्वायत्त संशोधन संस्था उभी राहिली. आंध्र प्रदेशातील गादंकी येथे वातावरणाच्या अभ्यासासाठी उभारलेल्या ५३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडारच्या विकासात तिचा सहभाग होता.

नवे संशोधन : हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनाच्या जागी आलेला नायट्रोजन अणू व त्यालगतची रिकामी जागा मिळून एक प्रकाशशील केंद्र बनते. त्यावर हिरवा प्रकाश टाकल्यास तांबडा प्रकाश बाहेर पडतो व २.८७ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या सूक्ष्मतरंगांनी तो मंदावतो. चुंबकीय क्षेत्रात या कंप्रतेच्या दोन कंप्रता होतात व त्यांमधील अंतरावरून क्षेत्र समजते. हे साधन सामान्य तापमानास चालते. पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत कस्तुरी साहा यांचा गट अशा केंद्रांवर संशोधन करतो. दुसऱ्या एका प्रकारात अणूतील बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रापासून फार दूर नेतात. असा अणू रेडिओ तरंगांच्या विद्युत् क्षेत्रास अत्यंत संवेदनशील असतो व नेहमीच्या आकाशकाप्रमाणे (अँटेनाप्रमाणे) त्याच्या आकारास तरंगलांबीचे बंधन राहत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय पुंज अभियानास मंजुरी दिली. ६,००३.६५ कोटी रुपयांच्या या अभियानातील पुंज संवेदन व मापन या विषयाचे केंद्र पवईच्या संस्थेकडे सोपविण्यात आले आहे.

संवेदकाची संवेदनक्षमता वाढली, तरी सभोवतीचा विद्युत् व चुंबकीय गोंगाट कमी होत नाही. उलट तोही अधिक स्पष्टपणे नोंदला जातो. पाणबुडीचा संकेत वेगळा काढण्यास, तसेच चुंबकीय नकाशावरून जहाजाचे स्थान ठरविण्यास, पृथ्वीच्या क्षेत्राचे नैसर्गिक फेरफार आधी ज्ञात असावे लागतात. ही माहिती अल्पकाळात जमविता येत नाही. अलिबाग येथील वेधशाळा १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून कुलाब्यापासून चालत आलेली नोंदमालिका तेथे अद्याप चालू आहे.